बायपासच्या ऑपरेशनला अँटिबायोटिक किती दिवस द्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका कुटुंबातले वडील, वय 64, जुना मधुमेह आणि त्याहून जुनी बिडी. डाव्या पायाचा अंगठा काळा पडून सुकलाय, आजूबाजूला लाली नाही, रात्री पाय खाटेखाली सोडल्याशिवाय झोप लागत नाही. जांघेपासून गुडघ्याखालच्या नसेपर्यंत बायपास ठरली आहे, म्हणजे तुंबलेल्या नसेला वळसा देऊन रक्त खाली नेणारी दुसरी नळी शिवायची. सर्जन म्हणाले, "चीर देण्याआधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन, फार तर चोवीस तास, मग बंद." शेजारच्या काकांना मात्र पायाच्याच ऑपरेशननंतर दहा दिवस महागडी इंजेक्शनं चालू होती. मुलाने विचारलंय, आमच्याच बाबतीत हात आखडता का? आणि जास्त दिवस द्या म्हणून आम्ही आग्रह धरावा का?

आग्रह धरू नका. तुमचे सर्जन बरोबर सांगताहेत. आग्रहच धरायचा असेल तर पहिला डोस नेमका कधी दिला जाणार, याबद्दल धरा. या विषयातला सगळा जीव त्या वेळेत आहे, दिवसांत नाही.

आधी हे समजून घ्या की नसांच्या ऑपरेशनमध्ये जंतुसंसर्गाला आम्ही सर्जन इतके का घाबरतो. पोटावरच्या किंवा पाठीवरच्या जखमेत पू झाला तर टाके उघडतात, ड्रेसिंग चालतं, महिन्याभरात माणूस बरा होतो. त्रास होतो, पण जीवावर बेतत नाही. बायपासमध्ये जखमेच्या तळाशी रक्ताने धडधडणारी नळी असते. जंतू तिथपर्यंत पोचले की जिथे नळी नसेला शिवलेली असते तो जोड कुजून सुटू शकतो आणि अचानक प्रचंड रक्तस्राव होतो. कधी नळी गोठून बंद पडते. दोन्हीकडे पाय जाण्याची भीती असते, पहिल्यात जीवाचीही. म्हणून आम्ही या जखमांचे तीन थर मानतो: कातडीपुरता संसर्ग, कातडीखालच्या चरबीपर्यंतचा आणि थेट नळीपर्यंत गेलेला. ही वर्गवारी 1972 पासून वापरात आहे. पहिल्या दोन्ही प्रकारांत आम्ही निभावून नेतो. तिसऱ्याची झोपेतसुद्धा धास्ती असते.

नळी कृत्रिम असेल, म्हणजे डेक्रॉनची किंवा पीटीएफईची, तर प्रश्न आणखी अवघड होतो. आपल्या कातडीवर कायम राहणारे निरुपद्रवी स्टॅफ जंतू अशा नळीला चिकटतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. घरातल्या टाकीच्या तळाला शेवाळ धरलं की वरून कितीही नवं पाणी सोडा, ते निघत नाही, घासावंच लागतं, तसंच हे. थर एकदा बसला की अँटिबायोटिक रक्तातून कितीही दिवस फिरलं तरी आत शिरत नाही. असा संसर्ग ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीसुद्धा डोकं वर काढतो. म्हणून जमेल तिथे आम्ही रुग्णाच्याच पायातली वरवरची नस काढून तिची बायपास करतो. तुमच्या वडिलांच्या बाबतीत "नस वापरणार की कृत्रिम नळी?" हे जरूर विचारा. गुडघ्याखाली जायचं असेल तर स्वतःची नस जास्त दिवस चालते, आणि संसर्गाच्या दृष्टीनेही तीच बरी.

आता औषधाकडे येऊ. अँटिबायोटिकचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्न नसांच्या शस्त्रक्रियेत कधीच सुटला आहे. 1978 साली अमेरिकेत एक चाचणी झाली. नसांच्या ऑपरेशनला आलेल्या काही रुग्णांना सेफाझोलिन हे अँटिबायोटिक दिलं, काहींना औषधासारखं दिसणारं साधं द्रावण. साधं द्रावण मिळालेल्यांत 6.8 टक्के जखमा चिघळल्या, सेफाझोलिन मिळालेल्यांत 0.9 टक्के. पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हाही जखमेचा संसर्ग साधारण चौथ्या हिश्शावर आल्याचं दिसलं. त्याच आढाव्यात आणखी एक गोष्ट होती, जी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे: चोवीस तासांपुढे औषध चालू ठेवून काहीही जादा फायदा दिसला नाही.

असं का, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. 1961 मध्ये बर्क नावाच्या सर्जनने गिनिपिगच्या कातडीत स्टॅफ जंतू टोचले आणि पेनिसिलिन वेगवेगळ्या वेळी दिलं. जंतूंच्या आधी किंवा त्यांच्याबरोबर दिलं तर जखम जवळजवळ निर्जंतुक राहिली. उशीर होत गेला तसा परिणाम कमी होत गेला, आणि तीनएक तासांनी दिलं तेव्हा औषध दिलं काय, न दिलं काय, सारखंच. माणसांमधला मोठा अभ्यास 1992 मध्ये छापून आला, 2,847 रुग्णांचा. तिथेही चिरेच्या आधीच्या दोन तासांत ज्यांना औषध मिळालं त्यांच्यात संसर्ग सगळ्यांत कमी होता. फार लवकर मिळालेल्यांत जास्त, आणि चिरेनंतर उशिरा मिळालेल्यांतही जास्त. म्हणजे कातडी उघडते त्या क्षणी औषध मांसात पोचलेलं हवं. नंतरचे डोस म्हणजे वरातीमागून घोडे.

सेफाझोलिन चिरेच्या आधी साठ मिनिटांच्या आत शिरेतून द्यायचं, मोठ्या माणसाला दोन ग्रॅम, वजन 120 किलो किंवा त्याहून जास्त असेल तर तीन. बायपासमध्ये आणखी एक कारण आहे: मध्येच आम्ही नसेला चिमटा लावून पायाचा रक्तपुरवठा थांबवतो. मुळात तुंबलेल्या नसांच्या पायात औषध कमीच पोचतं, त्यात चिमटा लागला की तेही बंद. जे पोचायचं ते आधीच पोचलेलं असावं लागतं.

आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. पुस्तकात लिहिलेलं सगळ्यांना पाठ असतं, पण वॉर्डातली सिस्टर सकाळी सहाला, बाकीच्या इंजेक्शनांबरोबर, हेही देऊन मोकळी होते. पेशंट सातला खाली जातो. पहिली केस लांबते, रक्ताची बाटली यायची असते, आणि चीर पडते साडेदहाला. सेफाझोलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे चिरेच्या वेळी पाव हिस्साच उरलेला असतो. कागदावर डोस दिलेला, प्रत्यक्षात उपयोग नाही. म्हणून माझं ठाम मत: हे इंजेक्शन वॉर्डात द्यायचंच नाही, थिएटरमध्ये टेबलावर घेतल्यावर भूलतज्ज्ञांनी द्यायचं आणि वेळ त्यांच्या कागदावर लिहायची. चीर देण्याआधी सर्जनने मोठ्याने विचारायचं, "अँटिबायोटिक गेलं का? किती वाजता?" यात काही नवीन तंत्रज्ञान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रियेच्या तपासणी-यादीत हाच प्रश्न आहे. अ‍ॅलर्जी बघायला टेस्ट डोस द्यायचा असेल तर तो आधी उरकून घ्यावा, पण त्यापायी मुख्य डोस लांबू देऊ नये.

दुसरा डोस लोक विसरतात. गुडघ्याखालची बायपास चार-पाच तास सहज चालते. पहिल्या डोसपासून चार तास झाले तर टेबलावरच पुन्हा द्यायचं. रक्त दीड लिटरहून जास्त गेलं तर त्याआधीच. माझ्या मते ऑपरेशननंतरच्या दहा दिवसांपेक्षा हा एक डोस जास्त मोलाचा आहे, आणि बिलात तो दिसतसुद्धा नाही.

कोणतं औषध, यावरही घरच्यांचा संशय असतो. सेफाझोलिन जुनं आणि स्वस्त. मेडिकलमधून आणलेली छोटी बाटली बघून नातेवाईक म्हणतात, "ओ डॉक्टर, जरा भारीतलं लिहा की, पैशाचं बघू आम्ही." पण नसांच्या जखमेत येणारे जंतू बहुतेक कातडीवरचे स्टॅफ असतात, आणि त्यांच्यावर सेफाझोलिन हे आपल्याकडे सगळीकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या सेफ्ट्रायाक्झोनपेक्षा चांगलं चालतं. सेफ्ट्रायाक्झोन जास्त प्रकारच्या जंतूंना मारतं खरं, पण त्यातल्या बऱ्याच जणांचा इथे संबंधच नसतो; आणि आतड्यातले चांगले जंतू मात्र फुकट मरतात. मेरोपेनेमसारखी औषधं आधीच संसर्ग झालेल्या, अत्यवस्थ माणसासाठी राखून ठेवायची असतात.

अपवाद आहेत. रुग्ण बरेच दिवस दवाखान्यात पडून असेल, डायलिसिसवर असेल, किंवा आधी कधी जखमेत एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ, सापडला असेल, तर व्हँकोमायसिनचा विचार करतात, किलोमागे 15 मिलिग्रॅम. ते सावकाश, तासाभरापेक्षा जास्त वेळ सोडावं लागतं, नाहीतर अंग लाल होतं, खाज सुटते, बीपी पडतं. म्हणून ते चिरेच्या दोन तास आधीपासून सुरू करतात. साध्या स्टॅफवर ते सेफाझोलिनपेक्षा कमी पडतं, त्यामुळे जास्त जोरदार समजून सगळ्यांना देणं चूक; गरज असेल तिथे बहुधा दोन्ही मिळून देतात. वडिलांना पूर्वी पेनिसिलिनने पुरळ आली असेल तर लपवू नका, पण घाबरूही नका. सेफाझोलिनची रचना बरीच वेगळी असल्याने बहुतेकांना ते सोसतं. घसा सुजला होता, श्वास अडकला होता, की कातडी सोलून निघाली होती, एवढं नेमकं भूलतज्ज्ञांना सांगा. निर्णय ते घेतील.

मग शेजारच्या काकांना दहा दिवस का? मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत, पण अंदाज बांधता येतो. संसर्ग होऊ नये म्हणून दिलेलं औषध आणि झालेल्या संसर्गावर दिलेलं औषध, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाय ओला सडलेला असेल, लाली घोट्याच्या वर चढली असेल, ताप असेल, वास येत असेल, तर तो उपचार आहे आणि तो आठ-दहा दिवस, हाडात गेला असेल तर काही आठवडेही चालतो. तिथे आधी पू मोकळा करायचा, खोलवरच्या मांसाचा तुकडा कल्चरला, म्हणजे जंतू कोणता ते बघायला, पाठवायचा (वरवर फिरवलेला बोळा फसवतो), आणि बायपास त्यानंतर. पू तसाच ठेवून बाटल्या लटकवत बसण्यात अर्थ नाही. दुसरी शक्यता अशी की काकांना काहीच नव्हतं आणि सवयीने चालू ठेवलं. तेही होतं. "बंद केलं आणि पू झाला तर लोक मलाच धरतील," ही भीती डॉक्टरांना असते आणि खोटं कशाला बोला, बऱ्याचदा लोक तसं धरतातही. पण त्या जादा दिवसांची किंमत रुग्ण मोजतो: जुलाब, मूत्रपिंडावर ताण, आणि पुढे खरंच संसर्ग झालाच तर तो नेमका या औषधाला न जुमानणारा जंतू.

तुमच्या वडिलांचा अंगठा कोरडा, काळा, सुकलेला आहे, आजूबाजूला लाली नाही, असं तुम्ही लिहिलंय. मग रोजच्या इंजेक्शनांची गरज नाही. रक्तपुरवठा सुरू झाल्यावर अंगठ्याचं बघता येतं. तोवर तो कोरडाच ठेवा. तेल, हळद, राख, कोणाच्या सांगण्यावरून पाला, काहीही नको. कोमट पाण्यात पाय बुडवून बसणंही नको, कोरडं गँगरीन ओलं व्हायला तेवढं पुरतं. ऑपरेशनच्या आधी पाणी सुटलं, वास आला, तर तारखेची वाट न पाहता दाखवा, कारण मग अँटिबायोटिकचं सगळं गणितच बदलतं. पाय वाचवता न येऊन कापावाच लागतो तिथे मात्र 24 तासांऐवजी पाच दिवस देण्याच्या बाजूने अलीकडे पुरावा आला आहे. बायपासला तो लागू करू नका.

औषधाने सगळं निभावतं असं मी म्हणत नाही. बायपासच्या जखमांत सगळ्यांत दगा देणारी जागा म्हणजे जांघ. घडीची, घामाची, लघवी-शौचाच्या जवळची, आणि लसिकावाहिन्यांचं, म्हणजे अंगातलं पाण्यासारखं द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांचं, जाळं असलेली. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा 42 च्या पुढे जातो तेव्हा तर तिथे कोरडं राहणं हेच मोठं काम. सर्जनने त्या वाहिन्या जपून, बांधून काम केलं की निम्मी लढाई तिथेच. पण उरलेलं घरच्यांच्या हातात आहे. पुढचं जरा नीट वाचा.

आदल्या दिवशी घरी वस्तरा फिरवू नका. हौशीने न्हाव्याला बोलावून पूर्ण पाय साफ करून आणणारे लोक आहेत. वस्तऱ्याने दिसत नाहीत इतके बारीक काप पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू वाढतात. केस काढायची गरज असेल तर ऑपरेशनच्या आधी थोडा वेळ, दवाखान्यात, क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने.

आंघोळ हवी. पाणी रोज येत नाही, हे मला सांगू नका, मीही इथेच राहतो. एक बादली या कामासाठी बाजूला ठेवा. साधा साबण चालेल, खास जंतुनाशक साबणाने नसांच्या ऑपरेशनमध्ये जास्तीचा फायदा सिद्ध झालेला नाही. जांघ आणि बोटांमधल्या बेचक्या धुऊन नीट पुसा. साधारण चारातल्या एकाच्या नाकात स्टॅफ असतो. कृत्रिम नळी बसवायची असेल आणि तपासणीत तो सापडला, तर पाच दिवस नाकात लावायचं मलम देतात.

साखर ऑपरेशनच्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस 180 च्या आसपास किंवा खाली राहायला हवी, त्यासाठी तात्पुरतं इन्सुलिन लागलं तर कटकट करू नका. मात्र "तीन महिन्यांची साखर सुधारू, मग ऑपरेशन करू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. रात्री पाय दुखून झोप नाही आणि अंगठा काळा आहे, त्या पायाला तीन महिन्यांचा वेळ नसतो.

आणि बिडी. ज्या शहरात हजारो घरांत बायका बिड्या वळून संसार चालवतात तिथे हे बोलणं अवघड जातं, पण जखम भरायला लागणारा प्राणवायूच ती तोडते. चार आठवडे आधी सोडली तर उत्तम, तेवढा वेळ नसेल तर आज. तंबाखू-चुना आणि मिश्रीसुद्धा त्यात आली. वडिलांच्या खिशात बंडल ठेवून आमच्याकडे भारी अँटिबायोटिक मागणं म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं.

थिएटरमध्ये वडिलांना गरम हवेचं पांघरूण घातलेलं दिसलं तर आश्चर्य वाटू देऊ नका. बाहेर उन्हाचा तडाखा असला तरी आत एसीत भूल दिलेलं शरीर पटकन गार पडतं, आणि गार कातडीत रक्त कमी फिरतं. साध्या, स्वच्छ ऑपरेशनांवर, व्हेरिकोज व्हेन्स (पायांच्या फुगलेल्या शिरा) धरून, 2001 मध्ये एक चाचणी झाली. नुसतं आधी ऊब दिल्याने जखमेचा संसर्ग 14 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. फुकटात मिळणारा फायदा.

अँटिबायोटिक नसतानाचा काळ फार जुना नाही. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, ते ज्यांच्या नावाचं होतं ते कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथून 1939 मध्ये ऑपरेशन करताना बोट कापल्याचं निमित्त होऊन, रक्तात जंतू पसरून गेले. आज तशी जखम झाली तर गोळ्यांनी भागतं. हे हत्यार आपण सवयीपोटी बोथट करतोय, एवढाच माझा दहा दिवसांच्या इंजेक्शनांवरचा राग.

तुम्ही शेवटी जाता जाता विचारलंय की आईच्या पायांच्या फुगलेल्या शिरांना लेझर करायचं आहे, तिलाही इंजेक्शन लागेल का. साध्या लेझरला बहुधा नाही. नुसत्या अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीलाही सर्वसाधारणपणे नाही. आच्छादित स्टेंट (नसेत बसवायची, कृत्रिम आवरण असलेली जाळी) किंवा डायलिसिससाठी कृत्रिम नळी बसवायची असेल तर हो.

घरी आल्यावर जांघेतून पाण्यासारखं पारदर्शक, पिवळसर द्रव येऊ लागलं तर तो बहुधा पू नसतो, लसिका असते. तरी त्याच दिवशी सर्जनला दाखवा, कारण ओली राहिलेली जखम जंतूंना वाट देते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या घेऊ नका. यातली बरीच औषधं 2014 पासून चिठ्ठीशिवाय विकायलाच बंदी आहे, आणि अर्धवट गोळ्यांनी नळीपर्यंत गेलेला संसर्ग फक्त झाकला जातो. जांघेत गाठ वाढताना दिसली, किंवा ड्रेसिंगवर थोडंसंही ताजं रक्त आलं, तर उद्यावर टाकू नका. बोटांनी घट्ट दाबून धरा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. पहिलं थोडं रक्त पुढच्या मोठ्या रक्तस्रावाची सूचना असू शकतं.

आणखी एक, कोजागिरीला तुळजापूरला अनवाणी चालत जाण्याचा नवस वडिलांनी बोलला असेल तर तो या वर्षी तुम्ही फेडा, तेही चपला घालून. मधुमेहाच्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, आणि बायपास झालेल्या पायावरची साधी जखमही नळीकडे जंतूंना रस्ता करून देते. दात काढायचा असला, कुठे गळू झालं, तर तिथल्या डॉक्टरांना आधीच सांगा की पायात बायपास आहे. कृत्रिम नळी असेल तर डिस्चार्जच्या कागदाची प्रत पाकिटात ठेवलेली बरी.